वितरक बुडाला, तबकड्या गोदामात: लेबल बंद करावे का?

बर्लिनहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव न छापण्याच्या त्यांच्या विनंतीला मान देऊन त्यातला मुख्य भाग येथे देत आहे.

«मी मूळची निफाड तालुक्यातली. २०१४ पासून बर्लिनमध्ये आहे, नोकरी सॉफ्टवेअरची. २०१७ मध्ये एका मित्राबरोबर हाउस आणि टेक्नो या नृत्यसंगीताचे छोटे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी संस्था, सुरू केले. आजवर बारा इंची अकरा तबकड्या काढल्या, प्रत्येकी ३०० प्रती. त्यांतल्या साठ-सत्तर आम्ही बँडकॅम्प या संकेतस्थळावर थेट विकतो, बाकीच्या वितरकाकडे जातात. गेल्या महिन्यात त्या वितरकाने दिवाळखोरीचा अर्ज केल्याचे दोन ओळींचे पत्र आले. त्याच्याकडे आमचे ६,४०० युरो अडकले आहेत आणि गोदामात ७८० तबकड्या. दोन कलाकारांचे पैसे द्यायचे आहेत. बाराव्या तबकडीचे टेस्ट प्रेसिंग, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची नमुना प्रत, घरी येऊन पडले आहे. आता दुसरा वितरक छपाईचा सगळा खर्च करायला तयार आहे. मात्र तीन वर्षे फक्त त्याच्याकडेच माल द्यायचा आणि दर तबकडीच्या ५०० प्रती छापायच्या, अशा त्याच्या अटी आहेत. ते नको असेल तर भाऊ पैसे देतो म्हणतो. बाबा म्हणतात, ‘बाग व्यापाऱ्याला द्यायची आणि हिशोब मागाहून, हा धंदा आपण दोनदा करून बसलो, तू तिकडे जाऊन तोच का करतेस?’ लेबल बंद करावे, फक्त डिजिटल चालवावे, की करार करावा? आणि वितरकाने पूर्वी परत पाठवलेल्या, कोपरे दुमडलेल्या चाळीस प्रतींचे काय करू?»

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न तुमच्या वडिलांचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. द्राक्षाचा व्यापारी माल तोडून नेतो तेव्हा औषधे, खते, मजुरी हा सगळा खर्च शेतकऱ्याने आधीच केलेला असतो, आणि व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत त्या व्यापाऱ्याचा धंदा खरे तर शेतकऱ्याच्याच भांडवलावर चाललेला असतो. तबकड्यांचा व्यवहार याहून वेगळा नाही. मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात), लॅकर कापणे (मूळ चकतीवर खोबणी कोरणे), प्लेटिंग (तिच्यावरून धातूचे साचे बनवणे), छपाई या सगळ्यांचे पैसे तुम्ही माल हातात येण्यापूर्वी मोजता. वितरक ती तबकडी दुकानांना उधारीवर देतो, दुकाने त्याला दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात, आणि तो तुम्हाला त्याच्याही नंतर, परत येऊ शकणाऱ्या मालापोटी काही रक्कम राखून ठेवून देतो. आपण वितरकाला आपले गिऱ्हाईक समजतो. प्रत्यक्षात आपण त्याचे बिनव्याजी सावकार असतो, आणि सावकाराने करायच्या चौकशा मात्र आपण कधी केलेल्या नसतात.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. लंडनमध्ये एका डान्स संगीताच्या वितरकाकडे मी आठ वर्षे काम केले, आधी गोदामात आणि पुढे खरेदी विभागात. ती पेढी बुडाली त्या आठवड्यात लहान लेबलांचे लोक भाड्याच्या व्हॅन घेऊन फाटकाशी उभे होते आणि त्यांना आत सोडू नये, असा आम्हाला हुकूम होता. ज्यांच्या तबकड्या मी स्वतः फोन करून मागवल्या होत्या, त्यांच्याकडे बघण्याचे धैर्य मला झाले नाही. असे प्रसंग या व्यवसायात नवे नाहीत. ब्रिटनमधील रफ ट्रेड डिस्ट्रिब्यूशन १९९१ मध्ये कोसळले, जर्मनीतील ईएफए २००४ मध्ये, लंडनचे अमाटो २००७ मध्ये आणि पिनॅकल २००८ च्या डिसेंबरात. प्रत्येक वेळी चांगल्या चाललेल्या, नीट हिशोब ठेवणाऱ्या लेबलांनाही फटका बसला, कारण त्यांचे पैसे दुसऱ्याच्या वहीत होते. तेव्हा तुमचे लेबल वाईट चालवले म्हणून हे घडले, असा समज असल्यास तो प्रथम मनातून काढून टाका.

आता तातडीचे काम. ६,४०० युरो आणि ७८० तबकड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते ६,४०० युरोसुद्धा एकाच जातीचे नाहीत. वितरकाबरोबरचा मूळ करार काढा आणि त्यात माल ‘कोमिसिओन’ तत्त्वावर दिला आहे, म्हणजे मालकी तुमचीच ठेवून तुमच्या खात्यावर विकायला दिला आहे, की त्याला विकला आहे, हे पाहा. विकला असल्यास पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी तुमचीच राहील, असे कलम आहे का तेही पाहा. माल कोमिसिओनवर दिला असेल तर गोदामातल्या न विकलेल्या तबकड्या तुमच्या आहेत. त्या दिवाळखोरीच्या मालमत्तेत मोडत नाहीत आणि त्या वेगळ्या काढून मागण्याचा हक्क तुम्हाला जर्मन कायद्याने दिला आहे. याला तिथे ‘आउसझोंडरुंग’ म्हणतात. न्यायालयाने नेमलेल्या दिवाळखोरी प्रशासकाला आजच लेखी पत्र पाठवा. त्यात प्रत्येक तबकडीचा कॅटलॉग क्रमांक, शेवटच्या हिशोबपत्रकातली शिल्लक, माल पोहोचवल्याच्या पावत्या आणि कराराची प्रत द्या. तोंडी आश्वासनावर किंवा वितरकाकडच्या ओळखीच्या माणसाच्या शब्दावर थांबू नका. तो माणूस प्रामाणिक असला तरी आता गोदामाची किल्ली त्याच्याकडे नाही. गोदाम वितरकाचे स्वतःचे नसून भाड्याच्या साठवणूक कंपनीचे असेल, तर थकलेल्या भाड्यापोटी ती कंपनीही मालावर हक्क सांगू शकते, म्हणून माल प्रत्यक्ष कुठे आहे हे त्याच पत्रात विचारा.

मग पैशांकडे वळा. वितरकाने दुकानांकडून वसूल करून स्वतःच्या खात्यात जमा केलेली रक्कम इतर सर्व धनकोंच्या रांगेत जाते. तिथून हाती फार थोडे आणि फार उशिरा येते, म्हणून ते पैसे गेलेच असे धरून चाला. पण तबकड्या दुकानांना दिल्या आणि दुकानांनी बिल अजून चुकवलेले नाही, असा जो भाग असेल त्याचा प्रश्न निराळा आहे. व्यवहार खरोखर कोमिसिओनचा असेल तर ती येणी कायद्याच्या दृष्टीने तुमची मानली जातात. हा मुद्दा लहान लेबलांना बहुधा माहीत नसतो आणि प्रशासक तो आपणहून तुम्हाला सांगणार नाही. यासाठी एका तासाचे पैसे मोजून दिवाळखोरीचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. शक्य असल्यास त्याच वितरकाकडे अडकलेल्या आणखी तीन-चार लेबलांना बरोबर घ्या, म्हणजे वकिलाचा खर्च वाटला जाईल आणि करारही बहुतेक एकाच साच्यातले निघतील. उरलेला दावा न्यायालयाच्या आदेशात दिलेल्या मुदतीत प्रशासकाकडे नोंदवा. तुमचे लेबल मूल्यवर्धित कर भरत असेल, तर बुडालेल्या बिलांवर भरलेला कर दुरुस्त करून परत मिळतो. तुमच्या हिशोबनिसाला हे विचारायला विसरू नका.

एक सावधगिरीही सांगतो. वितरकाने शेवटच्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या तगाद्यामुळे एखादी रक्कम दिली असेल, तर ती परत मागण्याचा अधिकार काही परिस्थितीत प्रशासकाला असतो, विशेषतः वितरक डबघाईला आल्याचे तुम्हाला ठाऊक होते असे दिसल्यास. अशी रक्कम आली असेल तर ती खर्चू नका, आणि ‘तुम्ही बुडणार हे आम्हाला ठाऊकच होते’ अशी वाक्ये आता कोणत्याही पत्रात लिहू नका.

सुटून येणाऱ्या ७८० तबकड्यांचे वजन पावणेदोनशे-दोनशे किलोच्या आसपास भरेल. त्या बर्लिनच्या दमट तळघरात ठेवू नका, आणि एकावर एक आडव्या तर मुळीच रचू नका. खोक्यांत उभ्या ठेवा. निम्म्या तुमच्याकडे आणि निम्म्या मित्राकडे असल्या तर उत्तम, कारण सगळा माल एका छताखाली ठेवण्याची किंमत ब्रिटनमधील दीडशेहून अधिक स्वतंत्र लेबलांनी २०११ च्या ऑगस्टमध्ये मोजली: लंडनच्या दंगलीत एन्फील्ड येथील सोनीचे गोदाम जळाले, आणि पीआयएएस या वितरकाचा तिथे ठेवलेला सारा साठा त्यात गेला. द्राक्षांशी तुलना मात्र इथे संपते, आणि हे वडिलांना आवर्जून सांगा. द्राक्ष पंधरा दिवसांत सडते. नीट ठेवलेली तबकडी सडत नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत सिंथेसायझरवर राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र आणून केलेल्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा छापली तेव्हा जगभरच्या डान्स संगीताच्या दुकानांतून तिला मागणी आली. तुमच्या ७८० तबकड्यांचे असे काही होईल, असे मी म्हणत नाही. त्या घाईने मातीमोल भावात काढण्याचे कारण नाही, एवढेच सांगतो.

आता नव्या कराराविषयी. छपाईचा खर्च वितरकाने करायचा आणि विक्रीतून तो आधी वळता करून घ्यायचा, ही पद्धत या धंद्यात जुनी आहे. आपल्याकडे तिला एकच शब्द आहे: उचल. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्याला जाऊ शकत नाही. तुमची तीन वर्षांची अट हीच आहे. एका तबकडीचा न फिटलेला खर्च पुढच्या तबकडीच्या विक्रीतून कापला जातो, आणि मग तुमची खपलेली तबकडी न खपलेल्या तबकडीचे कर्ज फेडत बसते. त्यातून ५०० प्रतींची अट तर तुमच्याच आकड्यांशी जुळत नाही. अकरा तबकड्यांच्या ३,३०० प्रतींपैकी ७८० उरल्या आहेत, म्हणजे सरासरीने एकेका तबकडीच्या सत्तर प्रती खपल्या नाहीत. तुमची खरी मागणी २३० च्या घरात आहे, आणि त्यात भेट म्हणून डीजेंना व रेडिओला दिलेल्या प्रतीही आल्या. ५०० छापल्या की दर प्रत स्वस्त पडते हे खरे, कारण कापणे आणि प्लेटिंग यांचा खर्च एकदाच होतो. पण न खपलेल्या २७० प्रतींवर तो स्वस्तपणा कुणाला मिळतो, हे वितरकाला विचारा. शिवाय ज्याने प्लेटिंगचे पैसे दिले त्याचेच स्टॅम्पर, म्हणजे छपाईचे धातूचे साचे, असा दावा पुढे होऊ शकतो. अकरा तबकड्यांचे स्टॅम्पर छपाईच्या प्लांटकडे आज कुणाच्या नावावर आहेत, हे या निमित्ताने लेखी विचारून ठेवा.

माझे मत स्पष्ट आहे: हा करार करू नका, आणि लेबलही बंद करू नका. लेबल लहान करा.

लहान म्हणजे किती, ते आकड्यांनी सांगतो. दर तुम्हीच पत्रासोबत पाठवले आहेत. दुकानात १४ युरोला मिळणाऱ्या तबकडीतून १९ टक्के कर वजा जाता ११.७६ युरो उरतात. दुकानाला ती ८ युरोंना जाते, वितरक त्यातले ३० टक्के ठेवतो आणि तुमच्या हाती ५.६० येतात. ३०० प्रतींच्या छपाईला १,५०० युरो आणि मास्टरिंगला १५० युरो धरले तर एक प्रत साडेपाच युरोंना पडते. म्हणजे वितरकाच्या वाटेने एकूण एक प्रत खपली तरी तीनशे प्रतींमागे तीस युरो सुटतात, आणि वीस प्रती भेट दिल्या की ऐंशी युरोंचा तोटा. आजवर तुमची नोकरी हा खड्डा भरून काढत होती. आता प्लांटने सांगितलेला २०० प्रतींचा १,२०० युरोंचा दर घ्या, त्यात मास्टरिंग मिळवा, म्हणजे १,३५० झाले. दहा प्रती भेट द्या. सत्तर प्रती बँडकॅम्पवर थेट विका. कर, बँडकॅम्पचे १० टक्के, पैसे हस्तांतराचा आकार आणि खोका वजा जाता प्रतीमागे साधारण साडेआठ युरो मिळतील, टपालखर्च गिऱ्हाईक देतोच. उरलेल्या १२० प्रती आठ-दहा दुकानांना स्वतः द्या. पाठवणीचा खर्च जाऊन सात युरो धरा. बेरीज होते १,४३५. नफा शंभर युरोंच्या आत आहे, हे मान्य. पण मूळ भांडवलाचा मोठा भाग पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत परत येतो, आणि दुसऱ्याच्या वहीत अडकलेली रक्कम कधीही काही शेकड्यांच्या वर जात नाही. त्यासाठी खोकी बांधण्यात तुमच्या काही संध्याकाळी जातील, याची किंमत मी धरलेली नाही. ती धरली तर हा व्यवसाय कोणालाच परवडत नाही.

दुकानांशी थेट बोलणे तुम्हाला वाटते तितके अवघड नाही. बर्लिनमध्ये हार्ड वॅक्स १९८९ पासून आहे, ॲम्स्टरडॅमला रश अवर, ग्लासगोला रबाडब, लंडनला फोनिका. या दुकानांत खरेदी करणारी माणसे स्वतः ऐकतात. त्यांना माहितीपत्रक पाठवण्याऐवजी ध्वनिमुद्रण पाठवा, दहा-पंधरा प्रतींची मागणी घ्या, आणि ती पक्की खरेदी असावी याचा आग्रह धरा, ‘खपल्यावर पैसे’ नको. वीस प्रतींऐवजी आठच घेतो म्हटले तरी हरकत नाही. पैसे दिलेल्या आठ प्रती उधारीच्या विसांपेक्षा बऱ्या. ब्रिटनला पाठवताना २०२१ पासून सीमाशुल्काची कागदपत्रे लागतात, म्हणून तिकडच्या दोन-तीन दुकानांचा माल एकत्र पाठवता येईल का ते पाहा. नव्या वितरकाला सरळ झिडकारू नका. तबकडी छापून झाल्यावर त्याला पन्नास प्रती पक्क्या खरेदीने हव्या आहेत का, एवढे विचारा. बहुधा तो नाही म्हणेल, पण त्या उत्तरावरून त्याचा तुमच्या संगीतावर किती विश्वास आहे हे कळेल.

या क्षेत्रात जे टिकले त्यांनी बहुधा वितरण आपल्या हाताजवळ ठेवले. डेट्रॉइटमध्ये अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो गटाच्या मंडळींनी सबमर्ज ही स्वतःची वितरण संस्था उभारली आणि शहरातल्या इतर लहान लेबलांचा मालही तिथूनच पाठवला. कोलोनच्या कॉम्पाक्टने दुकान, लेबल आणि वितरण एकाच छपराखाली आणले. तुम्ही दोघे एवढे करू शकणार नाही. पण त्याच दिवाळखोरीत अडकलेली तीन-चार बर्लिनची लेबले एकत्र येऊन एक खोली आणि टपालाचे एक खाते नक्कीच चालवू शकतात. वकिलाकडे एकत्र जालच, तेव्हा हा विषयही काढा.

फक्त डिजिटल चालवण्याबद्दल थोडक्यात: तो पर्याय वाईट नाही, पण तुमची अडचण त्याने सुटत नाही, कारण तुमच्या संगीताचे गिऱ्हाईक तबकडी विकत घेणारा डीजे आहे आणि डिजिटल विक्रीतून मास्टरिंगचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले. तबकडीला जोडून ते चालू ठेवा.

भावाकडून पैसे घेऊ नका. तो मनापासून देत असेल. पण वितरकाने बुडवले तर निदान दावा नोंदवता येतो, भावाच्या पैशांचा हिशोब मात्र दर दिवाळीला न बोलता समोर येऊन बसतो. त्याला काही करायचेच असेल तर बाराव्या तबकडीच्या दोन प्रती पूर्ण किमतीला विकत घेऊ द्या.

कलाकारांचे पैसे मात्र तुमच्यावर आहेत. वितरक बुडाला म्हणून ते बुडत नाहीत. दोघांनाही या आठवड्यात स्वतः फोन करा, शेवटचे हिशोबपत्रक पाठवा, आणि रकमेचे चार हप्ते पाडून पहिला लगेच द्या. रोख जमत नसेल आणि त्यांना चालत असेल तर रकमेच्या काही भागापोटी सुटून आलेल्या तबकड्या घाऊक दराने द्या. पुष्कळ कलाकार त्या स्वतःच्या कार्यक्रमांत विकतात. लेबलांची नावे या शहरात बिघडतात ती न सांगता गप्प राहिल्यामुळे.

बाराव्या तबकडीचे टेस्ट प्रेसिंग मंजूर करण्यापूर्वी ते दोन वेगळ्या यंत्रांवर ऐका, विशेषतः प्रत्येक बाजूची शेवटची दोन-तीन मिनिटे, कारण आतल्या खोबणीत वरचे सूर आधी फाटतात. मग बँडकॅम्पवर आगाऊ नोंदणी उघडा आणि पहिल्या दोन आठवड्यांत चाळीस नोंदी आल्याशिवाय प्लांटला छपाईची मान्यता देऊ नका. प्लांट महिनाभर थांबेल. २०२१ च्या अखेरीस ब्रिटिश गायिका ॲडेलच्या नव्या संग्रहाच्या पाच लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्याच्या बातम्या आल्या, त्या काळात तीनशे प्रतींच्या मागणीला प्लांट महिनोन्‌महिने उभे करत नसत आणि रांगेतली जागा सोडणे म्हणजे वर्ष घालवणे होते. आता तशी टंचाई नाही.

राहिल्या त्या कोपरे दुमडलेल्या चाळीस प्रती. त्या टाकू नका. तबकडी सरळ आहे का हे प्रत्येकीला यंत्रावर फिरवून पाहा, छापील आवरण काढून साध्या पांढऱ्या आवरणात घाला, त्यावर कॅटलॉग क्रमांकाचा रबरी शिक्का मारा आणि नऊ युरोंना विका. डान्स संगीताची बारा इंची तबकडी लोक वर्षानुवर्षे तशीच विकत घेत आले आहेत, आणि त्या पैशांतून वकिलाच्या तासातला तुमचा वाटा सुटेल.